सेकिरेई क्लबाची दोरी

तेइझो कुरोगोचींनी गाडीचा परवाना पोलीस ठाण्यात परत केला, तेव्हा बदल्यात त्यांना बसच्या सवलतीचं कार्ड मिळालं. खिडकीतल्या मुलीने ते दोन्ही हातांनी पुढे केलं आणि वाकून म्हणाली, "इतकी वर्षं सांभाळून चालवलीत, आभारी आहोत." कुरोगोचीही वाकले. इथे वाकल्यावाचून कुणाची सुटका आहे? मनातून मात्र ते कार्ड तिथेच टराटरा फाडावंसं त्यांना वाटत होतं.

त्या मुलीचा काही दोष नव्हता. दोष त्यांच्या लेकीचा, मिसाओचा. म्हणजे असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात त्यांनी गाडी शेजाऱ्याच्या मुळ्याच्या शेतात घातली होती. मुळ्यांखेरीज कुणाला काही लागलं नाही, पण मिसाओने धसका घेतला. "बाबा, परवाना देऊन या, नाहीतर मी या घरात पाऊल टाकायची नाही," ती म्हणाली, आणि पोरगी बापावरच गेलेली असल्यामुळे बोलली ते करून दाखवणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या कुणाचा परवाना गेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण कुरोगोची पडले सेकिरेई क्लबाचे अध्यक्ष. सेकिरेई म्हणजे परीट पक्षी, सदा शेपूट नाचवणारा. त्याच्या नावाची ही चिमुकली गाडीही उभी राहिली की मागून तश्शीच थरथरायची. तिची कंपनी कधीच बुडाली. उरल्या गाड्या, आणि त्यांच्यावर जीव टाकणारी ही चार वेडी माणसं. दर शरदात, बर्फ पडायच्या आधी, सुवा तळ्याच्या वरच्या घाटात स्कीच्या मैदानाचं पार्किंग ओस पडलेलं असतं, तिथे त्यांचा मेळावा भरतो.

मेळाव्याचा नियम एकच, आणि तो कुरोगोचींनी घातलेला. मालकाने स्वतः गाडी चालवत घाट चढून यायचं. जो आला तो पांढऱ्या दोरीच्या आत. बाकीचे बाहेर, बघे.

नियम झाला त्याच वर्षी त्याचा पहिला बळी गेला, आणि तो कुरोगोचींचा जिवलग मित्र मोमोसे. त्याचं इंजिन घाटात जाम झालं. बिचारा गाडी ट्रकवर घालून वर आला. "नियम म्हणजे नियम," कुरोगोची सगळ्यांदेखत म्हणाले आणि दोरीची गाठ आणखी आवळली. मोमोसेने ट्रक बाहेर लावला, घडीचं स्टूल मांडलं आणि भाजी भरलेल्या ओयाकी काढून निवांत खात बसला. तेव्हापासून दरवर्षी तेच. ट्रकवर गाडी, दोरीबाहेर स्टूल, हातात ओयाकी. एकमेकांशी अक्षर नाही.

आत कुरोगोची दरवर्षी क्लबाचा इतिहास सांगायचे. सुरुवात ठरलेली: "पहिल्या वर्षी दोन गाड्या आल्या." त्यातली दुसरी कुणाची, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलंही नाही.

आणि आता तोच नियम त्यांच्या मानेवर बसला होता. दोरीच्या बाहेर उभं राहायचं, आणि तेही मोमोसेच्या शेजारी! त्यापेक्षा तळ्यात उडी घेतलेली बरी. न जावं, तर अध्यक्ष पळाला म्हणतील. शेवटी त्यांनी ठरवलं, गाडी दुरुस्तीला टाकलीय म्हणून ठोकून द्यायचं. दोरी पिशवीत घातली, गाडीची किल्ली उगीचच खिशात टाकली, आणि ते पहाटेच्या पहिल्या बसने घाट चढले.

पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. त्यांनी नेहमीसारखी दोरी बांधली आणि घाटाकडे कान लावून बसले. सेकिरेईचा तो फटफट आवाज मैलावरून यायचा. आज यायचं नाव नाही. आली ती पुढची बस, आणि तिच्यातून हातात जेवणाचे डबे घेऊन अख्खा क्लब उतरला.

"बॅटरी उतरली हो अध्यक्षसाहेब," चिटणीस मियासाका कमरेत वाकून म्हणाला. हा गावातला न्हावी.

"माझे टायर गेले," सोबाच्या शेवयांचं दुकान चालवणारे कासाहारा म्हणाले. "चारही."

"आमच्या गाडीत मांजर व्यायलीय," फुजिमोरीबाई म्हणाल्या. "मागच्या सीटवर. आता बाळंतिणीला कसं उठवणार?"

कुरोगोचींचा जीव भांड्यात पडला. कुणाकडेच गाडी नाही! पण अध्यक्षपण अंगात मुरलेलं, आपणही बसनेच आलो हे ते साफ विसरले आणि कडाडले, "लाजा वाटतात का? गाड्यांचा मेळावा आहे की वनभोजन? वादळात लोक इथवर गाड्या घेऊन आलेत! आणि तुम्हाला मांजर आडवी आली?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. "आणि तुमची गाडी कुठाय?" असं कुणीच विचारलं नाही. तेव्हा कुठे अध्यक्षांच्या मनात पाल चुकचुकली.

तेवढ्यात ट्रक आला. मोमोसे उतरला, त्याने स्टूल मांडलं, आणि दोरीच्या आत डबे धरून उभ्या असलेल्या मंडळींकडे बघून तो खो खो हसत सुटला. "काय रे मियासाका, गाड्या चोरीला गेल्या की काय?"

मियासाका चाचरू लागला. मग मोमोसे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थेट बोलला. "तेइझो, तुझ्या डोक्यात अजून उजेड पडला नाही? तुझा परवाना गेला हे गावात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. तुला वाईट वाटायला नको म्हणून या शहाण्यांनी गाड्या घरी ठेवल्या. मला कोण फोन करणार? मी सभासद कुठाय!"

कुरोगोचींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खरं आहे का हे?"

"सगळ्यांचं एकमत झालं होतं," मियासाका पुटपुटला.

"मला तर आणायची होती," फुजिमोरीबाई म्हणाल्या. "पण बाकीच्यांना नको असेल असं वाटलं."

"मलाही तसंच वाटलं," कासाहारा म्हणाले.

"मग नको म्हणालं कोण?"

कुणीच म्हणालं नव्हतं. सगळे एकमेकांच्या मनाला जपत, गाडीवाचून गाड्यांच्या मेळाव्याला आले होते.

"अध्यक्षसाहेब," कासाहारांनी हळूच विचारलं, "फोटोचं कसं करायचं? दरवर्षीचा फोटो माझ्या दुकानात लागतो. बिनगाडीचा कसा लावू?"

सगळ्यांच्या नजरा ट्रककडे वळल्या. कुरोगोची म्हणाले, "मोमोसे, गाडी उतरव. आत घे."

"अंहं. ट्रकवरून आलीय. नियम म्हणजे नियम."

"अरे, नियम मीच केलाय ना?"

"म्हणून तर. चांगला नियम आहे, मोडू नको."

"तुझं इंजिन अजून धड झालं नाही?"

"इंजिन? ते त्याच हिवाळ्यात नीट केलं. रोज बाजाराला जातो तिच्यातून."

"मग दरवर्षी हे ट्रकचं सोंग कशाला?"

"तू हाक मारशील म्हणून," मोमोसे म्हणाला. आता तो हसत नव्हता. "सगळ्यांसमोर बाहेर काढलंस, सगळ्यांसमोर आत बोलावशील म्हणून."

"आणि मी दरवर्षी तुझी घाटात वाट बघायचो. चालवत येशील म्हणून."

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ, एकाच दोरीच्या दोन बाजूंना! सोन्यासारखी वर्षं घालवली गाढवांनी.

कुरोगोची दोरीपाशी गेले. गाठ सोडायला बघितली, पण ती त्यांचीच गाठ, सुटेल तर शपथ. मग गुडघे धरून, कण्हत ते दोरीखालून वाकले आणि मध्येच अडकले. मोमोसेने उठून काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. त्यांच्यामागून वयाच्या क्रमाने एकेक सभासद वाकून बाहेर आला, डबे सांभाळत. दोरीच्या आत कुणी उरलं नाही.

गाडी खाली उतरवली. पहिल्याच झटक्यात ती सुरू झाली आणि मागून थरथरू लागली. मोमोसेने शेजारचं दार उघडलं. "बस. इथे बसायला परवाना लागत नाही."

कुरोगोची बसले. खिशातली किल्ली मांडीला टोचत होती. ती त्यांनी काढून मुठीत धरली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांच्याकडे गाडीच्या धुराखेरीज काही नव्हतं. मियासाकाने कॅमेरा रोखला, पण फोटोच्या आधी इतिहास सांगायची रीत होती. सगळे थांबले.

"पहिल्या वर्षी," कुरोगोची खिडकीतून म्हणाले, "दोन गाड्या आल्या. पहिली माझी." त्यांनी शेजारी बोट दाखवलं. "दुसरी, या मोमोसेची."

"पहिली माझी," मोमोसे स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला. "तू उशिरा आलास."