भुऱ्याची सोय

“याले गोठ्याच्या बाहेर काऊन बांधलं, घनश्याम?”

हिंगणीला बसमधून उतरून धुरपता आपल्या कुत्र्याला, भुऱ्याला भेटायला थेट वावरात आली होती आणि पाण्याचा तांब्याही तिने हातात घेतला नव्हता. तिला पाहून भुऱ्याने दोरीला असा हिसका दिला की खुंटा हलला.

धुरपता सेवाग्रामच्या एका दवाखान्यात आया होती. जन्म दुसऱ्यांचं हगणं-मुतणं काढण्यात गेला, असं ती हसत सांगायची. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली, तसा तिचा लेक प्रफुल्ल म्हणाला, वर्ध्याला माझ्याकडे ये. पण त्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नव्हतं, आणि नवरा गेल्यावर घरात तिची वाट पाहणारं दुसरं होतं तरी कोण? ती अडून बसली. मग लेकानेच तोड काढली. “माह्या दोस्ताचं, घनश्यामचं वावर आहे बोर धरणाजवळ. राजावानी राहीन तो.” इतकं मनावर घेतलेलं पाहून बाईचा ऊर भरून आला. लेक असावा तर असा, म्हणून ती शेजारपाजारी सांगत सुटली. भुऱ्या गाडीत चढेना, तेव्हा तिनेच त्याला चुचकारून चढवलं.

“बिबट येऊन राह्यलं ना, मावशी,” घनश्याम म्हणाला. त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. “जंगल लागूनच आहे. बाहेर कुत्रं असलं का बिबट त्यालेच नेते, कालवडी वाचतेत. इकडं सारेच असं करतेत.”

खुंट्याला आधीच्या कुत्र्याचा पट्टा अजून लोंबत होता.

“प्रफुल्लले मालूम आहे हे?”

“मालूम म्हंजे? म्याच सांगतलं. तो म्हने, म्हातारं कुत्रं आहे, घेऊन जा.” तिचा चेहरा पाहून तो चपापला. “तुमाले नोतं का सांगतलं त्यानं?”

परका असता तर धुरपताने शिव्या घातल्या असत्या. पोटच्या पोराने केसाने गळा कापल्यावर शिव्या तरी कोणाला घालायच्या? तिने फोन लावला.

“आई, किती दिवस जगनार होतं ते?” प्रफुल्ल वैतागला. “अन् खरं सांगतलं असतं तं तू माह्याकडं याले तयार झाली असती का?”

“नाई.”

“मंग? तुह्यासाठीच केलं ना मी! तुही खोलीबी तयार करून ठेवली. पाह्यशीन तं खुश होशीन.”

कालपर्यंत या गोड बोलण्यावर ती जीव ओवाळून टाकत होती. आज तिला त्याची भीती वाटली.

“माही खोली मीच पाहतो, बापू,” ती शांतपणे म्हणाली. “जिथं आमी दोघं राहू, अशी.”

घनश्याम म्हणाला, थांबा, चहा ठेवतो. ती थांबली नाही. दोरीची गाठ घट्ट होती, हातांनी सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडवली. भुऱ्या शेपूट हलवत तिच्या पायात घोटाळला, तिचे हात चाटू लागला. तिने चुचकारलं असतं तर आताही तो कुठल्याही गाडीत चढला असता. त्याचा तिच्यावर अजून विश्वास होता, आणि तेवढं मात्र तिला सोसेना.