ओल्या फडक्यांचे रविवार

जे कोणी आपल्यापासून हिरावून नेले, त्याचा शोक चारचौघांत करता येतो. परंतु जे आपणच, कोणीही न अडवता, हळूहळू हातांतून सुटू दिले, त्याचा शोक कोणापाशी करावा, याविषयी शास्त्रेही मौन बाळगून आहेत.

कवळ्या घडवणाऱ्या त्या कारागिराची स्थिती अशीच होती. दंतवैद्यांकडून आलेल्या ठशांवरून एकेचाळीस वर्षे तो लोकांची तोंडे सजवीत आला. मेणात दात बसवताना त्याचा हात केसभरही चळत नसे. पण याच हातांनी एके काळी माती मळली होती, आणि तेव्हा तो वाटेने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हनुवट्या न्याहाळत चालताना विजेच्या खांबांना धडकत असे, हे त्याच्या मुलीला परवापर्यंत ठाऊक नव्हते. कपाट हलवताना तिला कपाटाच्या माथ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेले, एका तरुणीचे मातीचे मस्तक सापडले.

"ही तर आत्या!" ती म्हणाली.

आत्याच ती. विसाव्या वर्षी त्याने थोरल्या बहिणीला स्टुलावर बसवून घडवलेली. बाकीची मस्तके केव्हाच मोडून गेली होती. तारुण्याचे म्हणून एवढेच उरले होते, आणि त्यालाही कानापासून मानेपर्यंत तडा गेला होता. मुलीने एका कुंभाराची भट्टी शोधून काढली. भाजून घेतले की कायमचे टिकेल, असे तिचे म्हणणे.

कारागिराने मान हलवली. त्या वयाच्या उतावीळपणात त्याने मस्तक आतून भरीव ठेवले होते, आणि भरीव माती भट्टीत फुटते. आता उपाय एकच होता: मागची बाजू ओल्या फडक्यांनी मऊ करायची, कापायची आणि आतली माती कोरून काढायची. फडके मात्र दर अर्ध्या तासाने उचलायला हवे. नाही तर पाणी पुढे झिरपून चेहराच वितळायचा.

तेव्हापासून रविवार त्या कामाला वाहिले गेले. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बहीण जेवणे उरकली की येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने भाचीला ऐकवले, "माझ्या डोक्यात भरीव काही आहे, असं जगात एकट्या तुझ्या बापालाच वाटलं होतं. आता तेही उकरून काढतोय."

फडके पिळावे, ठेवावे, घड्याळ पाहावे, उचलावे. मधल्या अर्ध्या तासांत करण्यासारखे काहीच नसे. आरंभी त्याचे हात अस्वस्थ होत. मग ते मांडीवर पडून राहू लागले. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरे. ओल्या मातीचा वास खोलीभर पसरे, आणि त्या वासातून ते जुने दिवस पाण्याखालच्या गोट्यांसारखे दिसत. बहीण एखादी आठवण अर्ध्यावर सोडून देई आणि ती पुरी करण्याची गरज दोघांनाही भासत नसे. हे मातीकाम का सुटले, असे मुलीने एकदा विचारले. त्याने पुष्कळ विचार केला. कोणी मोडता घातला नव्हता; एक रविवार राहिला, मग दुसरा राहिला, इतकेच.

तिसऱ्या रविवारी त्याने फडके ठेवले, खुर्चीत पाठ टेकली, आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी धूळ पाहता पाहता त्याचा डोळा लागला.

जागा झाला तेव्हा खोलीत संध्याकाळ होती. मस्तक पुढे झुकले होते. नाक ओठांवर उतरले होते, ओठ हनुवटीत विरले होते. तरुण बहीण उरली नव्हती. म्हातारी समोरच्या स्टुलावर हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसली होती. तिचे डोळे टक्क उघडे होते.

"तू जागी होतीस?" त्याने विचारले.

"होते की."

"मग दिसलं नाही तुला?"

"दिसलं. नाक ढळलं तेव्हाच दिसलं," ती म्हणाली. "उठवायला हात पुढे केला होता रे धाकट्या. पण तू झोपला होतास. आई गेल्यापासून तुला असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे. चेहरा माझाच आहे ना? मी देते."

मग त्याने अंगठा त्या मऊ मातीत रुतवला. माती सरकली, आणि अंगठ्याला वाट देत गेली. त्याने दिवा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि बहिणीला हलू नकोस म्हणून बजावले.

"कवळी काढू का?"

"काढ. ती मीच केलेली आहे. तिच्यात नवं काय बघायचं?"

तिने ती काढून वाटीत ठेवली. गाल आत गेले, ओठांभोवती बारीक सुरकुत्या उमटल्या, आणि दीपप्रकाशात तिचे खरे मुख त्याच्यासमोर आले. ते त्याने इतक्या वर्षांत कधी नीट पाहिले नव्हते. बोटे सावकाश चालू लागली.

कुंभाराला काय निरोप देऊ, असे मुलीने दारातून विचारले. घाई नाही म्हणून सांग, असे तो मातीवरची नजर न काढता म्हणाला.

जिने आपले तारुण्य भावाच्या दोन घटकांच्या झोपेवरून ओवाळून टाकले, तिला स्वास्थ्य लाभो. आणि ज्याचे हात पुन्हा मातीत गेले, त्याच्या वाट्याला दीर्घ, निवांत रविवार येवोत.