न झालेला डाव

शिट्टी वाजली तेव्हा रुची मातीत पालथी पडली होती. सूर मारला होता तिनं, पण हात खुशबूच्या पाठीपर्यंत पोचलाच नव्हता. चांगलं वीतभर अंतर राहिलं होतं. मान वर करून पाहते तर पंचांनी हात उंचावलेला. बाद!

शाळांच्या खो-खो स्पर्धेचा अंतिम सामना होता. यजमान रुचीचीच शाळा. समोर चंदौलीकडच्या एका गावातल्या मुली. गुण सारखे झाले होते. खुशबू शेवटचे काही क्षण टिकली असती, तर जादा डाव खेळावा लागला असता. ती बाद झाल्यामुळे सामना तिथेच संपला आणि राज्य स्पर्धेसाठी लखनऊला जायचं रुचीच्या संघाचं नक्की झालं.

मैत्रिणी नाचत अंगावर आल्या. त्यांना बाजूला सारत रुची पंचांकडे धावली.

"सर, मैंने छुआ ही नहीं."

"बेटा, तुम जीत गई हो. जाओ, लाइन में लगो."

"पर छुआ ही नहीं, सर!"

पंचांनी तिच्याकडे पाहिलंदेखील नाही. त्यांची नजर मांडवाकडे होती. तिथे प्रमुख पाहुणे केव्हाचे हार घालून बसले होते आणि सारखे घड्याळ बघत होते. मग रुचीच्या ध्यानात आलं. जादा डाव कुणालाच नको होता.

एवढ्यात खुशबू तिच्या समोर आली. केस मातीनं भरलेले, डोळे लाल. "झूठी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

रुचीच्या खेळाच्या शिक्षिका शरदिनी मॅडम बालाजी घाटाजवळ राहायच्या, रुचीच्या घराच्या अगदी जवळ. दोघी मराठी घरांतल्या; शाळेत हिंदी, पण दोघी एकट्या असल्या की मराठी.

"मीही बघितलं," त्या म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर."

मुख्य पंच टेबलावरचे कप मांडत होते. मॅडमचं बोलणं ऐकून ते हसले. "हारने वाली टीम शिकायत करे तो सुनें. जीतने वाली कैसे करेगी? तमाशा मत कीजिए."

मॅडम त्या गावच्या संघाबरोबर आलेल्या मास्तरांकडे गेल्या. "आप कहिए. मैं गवाही दूँगी."

मास्तर खाली बघत म्हणाले, "जाने दीजिए, मैडम. अगले साल भी यहीं खेलना है."

संघाचं नाव पुकारलं तेव्हा रुची मंचावर गेली नाही. ती फाटकापाशी उभ्या असलेल्या गाडीकडे पळाली. गाडी सुटायच्या बेतात होती. खिडकीचा गज धरून ती ओरडली, "खुशबू, मैंने सर को बताया था! सच में!"

"तो?" खुशबू म्हणाली. "बताने से क्या हुआ? जाएगी तो तुम्हारी ही टीम."

गाडी गेली. रुची धुरात उभी राहिली, दातओठ खात.

मंगला गौरीच्या गल्लीत घराच्या ओट्यावर बाबा मिठाई घेऊन वाट बघत होते. सगळं ऐकून म्हणाले, "पंचांनी दिलं ना? मग तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"मला फुकटची खोटारडी केली त्यांनी, बाबा! पाहुण्यांना उशीर होत होता म्हणून! आणि तुम्ही मिठाई काय वाटताय?" तिनं खोका असा सरकवला की तो ओट्यावरून खाली पडला. बाबा वाकून एकेक पेढा गोळा करायला लागले. ते बघून तिला आणखीच संताप आला, स्वतःचाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मुख्याध्यापिकांना तोंडावर सांगितलं, हा संघ मी नेणार नाही. मुख्याध्यापिकांनी दुसऱ्या बाई नेमल्या. रुचीनंही नकार दिला. तिच्या जागी राखीव मुलगी गेली. कप्तान स्वरदा, तीही मराठी घरातली, जाताना एवढंच म्हणाली, "तुला मोठेपणा मिळवायचा होता. आम्ही वर्षभर पहाटे उठलो, त्याचं काय?"  रुचीही वर्षभर पहाटे उठली होती.

पुढच्या रविवारी रुचीला घरी बोलावून मॅडमनी त्या मास्तरांना फोन लावला. तुमच्या मुलींना घेऊन या, आपण तो डाव खेळू, कप नसला तरी चालेल.  मग मास्तर म्हणाले, खुशबू आता मैदानावर येत नाही. घरच्यांनी बंद केलंय. हरूनच यायचं तर जायचं कशाला, म्हणतात.

मॅडमनी फोन कानापासून बाजूला घेतला आणि रुचीला सांगितलं. रुचीनं तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच.

"हरली नाही ती!" ती मराठीतच ओरडली, मग भानावर आली. "मास्टर जी, खुशबू का घर किधर पड़ता है? उसके घरवालों से मुझे बात करनी है."

"तुम कौन बोल रही हो?"

"वही," रुची म्हणाली, "जिसका हाथ उस तक पहुँचा नहीं था."

मास्तरांनी पत्ता सांगितला. रुची चपला घालू लागली तेव्हा मॅडमनी दाराची कडी काढली होती.