आक्काताई की संयोगिता

मी एक जुना बास्केटबॉल आहे. माझा नारिंगी रंग विटला आहे आणि अंगावरचे बारीक दाणे झिजून गुळगुळीत झाले आहेत. मित्रांनो, जालंधरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. १९९३ साली हंबीरराव सरांनी मला कोल्हापुरात आणले. ते मुलींचा संघ तयार करत होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला वर फेकले आणि दोन मुलींनी एकदमच झेलले.

एक होती आक्काताई. ती हातकणंगल्याहून रोज रेल्वेने यायची. दुसरी संयोगिता, कोल्हापुरातलीच, घरी म्हशी, दुधाचा धंदा. दोघीही पॉइंट गार्ड. म्हणजे मला पुढे घेऊन जायचे आणि कुणाच्या हाती कधी सोपवायचे, हे ठरवणाऱ्या. संयोगिता वाऱ्यासारखी पळायची. आक्काताई सावकाश यायची, पण ती जिकडे बघायची तिकडे मी कधीच जात नसे, भलतीकडेच मोकळ्या उभ्या असलेल्या एखाद्या मैत्रिणीच्या हातात पडायचो. सराव संपला की दोघी मला मध्ये ठेवून भडंग खात बसायच्या.

"तू नसलीस तर मी कुणाला देऊ गं?" संयोगिता म्हणायची.

"मी कुठं जातो?" आक्काताई हसायची.

संघ जिंकू लागला तशी मैदानाकडेला गर्दी जमू लागली. समोरच्या चहाच्या गाड्यावर आकाराम आणि गुंडू रोज भांडायचे.

"अख्ख्या महाराष्ट्रात आक्काताईसारखी पॉइंट गार्ड न्हाय," आकाराम म्हणायचा.

"अरं जा की. संयोगितापुढं टिकती का ती?" गुंडू म्हणायचा.

सुरुवातीला मला ऐकायला मजा वाटे. पण हळूहळू त्या वादात खेळ कमी आणि गाव, घराणे, जात जास्त यायला लागली. कोण कुणाची मुलगी, यावरून टाळ्या पडू लागल्या. घरी, गल्लीत, दोघींनाही 'भारी कोण, तू का ती?' असेच विचारले जाई. भडंगाची पुडी यायची बंद झाली. सरावात मी दोघींच्या हातांत फिरायचो, पण आता त्या एकमेकींकडे न बघता मला फेकायच्या.

१९९६ साली विभागाचा अंतिम सामना होता. शेवटी एका गुणाने आम्ही मागे होतो. सरांनी दोघींनाही मैदानात ठेवले होते. मी संयोगिताच्या हातात होतो. तिच्यासमोर दोघीजणी हात पसरून उभ्या होत्या आणि रिंगखाली आक्काताई एकटी, मोकळी, हात वर करून. संयोगिताने तिला पाहिले. तिचा तळवा तिकडे वळलेला मला जाणवला.

"देऊ नगो! तूच टाक!" गर्दीतून कुणीतरी ओरडले.

तळवा परत फिरला. तिने मला स्वतःच रिंगकडे फेकले. मी कडेवर आपटलो आणि बाहेर पडलो. शिट्टी वाजली.

सामन्यानंतर आक्काताई संयोगिताजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "मी दिसलो न्हाय व्हय तुला?"

संयोगिता बुटाची नाडी सोडत राहिली.

"बरं," आक्काताई म्हणाली आणि उठून गेली.

पुढे ती नर्सचे शिक्षण घ्यायला मिरजेला गेली. मैदानावर पुन्हा आली नाही. संयोगिता राज्याच्या संघात खेळली, तिचा सत्कार झाला, सर निवृत्त झाल्यावर तीच मुलींना शिकवू लागली. नवे चेंडू आले आणि मी मैदानालगतच्या सामानाच्या खोलीत पोत्यात गेलो. हवा गेली, अंग चेपले. गाड्यावरचा वाद मात्र चालूच होता. आक्काताईला एकदा भेटून यायचे, असे संयोगिता सहकारी बाईंना बऱ्याचदा म्हणे. पण कधी स्पर्धा असे, कधी घरातले लग्न.

२००५ च्या पावसाळ्यात सर तिला सांगायला आले. आक्काताई काविळीने गेली.

त्या दिवशी संयोगिताने पोत्यातून मला शोधून काढले. हवा भरली, ओल्या फडक्याने पुसले आणि मला मांडीवर घेऊन ती रेल्वेने हातकणंगल्याला गेली. आक्काताईची आई, बनाबाई, भिंतीला टेकून बसली होती. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आक्काताईचा नवा फोटो होता. संयोगिताने मला बनाबाईसमोर ठेवले आणि तिला रडू आवरेना.

बनाबाईने माझ्यावरून हात फिरवला. "ह्योच का? लई सांगायची ह्याचं. तुझं बी." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "तुमच्याकडं लोक भांडत्यात म्हणं. दोघींत भारी कोण हुती?"

"आक्काताई," संयोगिता म्हणाली. "मला तवाबी ठावं हुतं, मावशी."

"हे तिला सांगायचं हुतंस की, बाई," बनाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती उठली आणि तिने चुलीवर चहा ठेवला.

तेव्हापासून मी याच घरात आहे. बनाबाई दर रविवारी मला पुसते. मित्रांनो, कोण सर्वांत मोठे यावर तुम्हीही भांडत असाल. खुशाल भांडा. पण तुमच्यासोबत खेळणारी एखादी तुमच्याहून चांगली खेळत असेल, तर ती समोर आहे तोवर तिला तसे सांगा. आणि ती मोकळी उभी असेल, तर चेंडू तिला द्या.