ज्यूरीतली सात नंबरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण कोपऱ्यात कुढत बसलेली आणि 'मला वाचवा हो' म्हणून गळा काढणारी खुर्ची तुम्हांला हवी असेल, तर ती दुसरीकडे शोधा. मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका फेडरल कोर्टात, म्हणजे केंद्र सरकारच्या न्यायालयात, ज्यूरीच्या कठड्यामागे नोकरी केली. पाठीवर पितळेचा सात आकडा, पाय बोल्टांनी जमिनीत आवळलेला. न्यायाधीश बदलले, वकिलांचे आवाज चढले, एका हिवाळ्यात छतही गळलं. मी जागची हलले नाही.

मी मराठी कुठे शिकले, असं मात्र विचारू नका. जिच्यावर माणसं इतकी वर्षं बसतात तिला माणसांची कुठलीही भाषा कळते.

माझा जन्म गार्डनर नावाच्या गावात झाला. त्या गावात घरोघरी खुर्च्यांचंच बोलणं चाले. ज्याने मला घडवलं तो सुतार तोंडातला पाइप न काढता काम करायचा आणि ओकचं लाकूड नखाने वाजवून बघायचा. त्याने माझे हात रुंद केले, कारण, तो म्हणाला, विचार करणारा माणूस आधी हात कुठे ठेवायचे ते शोधतो. पुढे मला कळलं की विचार न करणाराही तेच शोधतो, आणि सापडलं की चघळलेला गम तिथेच चिकटवतो.

आता ज्यूरी म्हणजे काय ते ऐका. त्या कोर्टात गंभीर गुन्ह्याचा खटला उभा राहिला, की आरोपी दोषी की निर्दोष हे सहसा न्यायाधीश ठरवत नाहीत. आसपासच्या गावांतून नागरिकांची नावं चिठ्ठ्या काढल्यासारखी काढतात आणि त्यांना पत्र जातं. त्यात वकिली शिकलेलेच हवेत असं नाही. न्हावी येतो, नर्स येते, बसचा ड्रायव्हर येतो. न्यायाधीश त्यांना प्रश्न विचारतात, वकील काहींना गाळतात आणि शेवटी बारा जण उरतात. शिवाय कुणी आजारी पडलं किंवा काढून टाकलं गेलं तर एक-दोन राखीव. या बारांचं एकमत व्हावं लागतं. एकजण जरी अडून बसला तरी निकाल लागत नाही.

तुम्हांला वाटेल, एवढा मान मिळतोय म्हटल्यावर लोक धावत येत असतील. छे. सुटका कशी होईल हे बघतच निम्मे येत. कुणाची पाठ त्याच सकाळी धरायची. कुणाच्या मांजरीला एकटं राहवायचं नाही. एक गृहस्थ तर म्हणाले, "मला माणसाचा चेहरा बघूनच कळतं." त्यांना ताबडतोब घरी पाठवलं, आणि ते विजयी वीरासारखे गेले. मी असे पुष्कळ वीर पाहिले. एकाचंही नाव लक्षात नाही.

लक्षात राहिली ती सुलेखा देवस्थळी.

एकोणीसशे शहाऐंशीचा वसंत होता. सुलेखा श्रूजबरीला राहायची, मूळची नागपूरची. दातांच्या एका डॉक्टरकडे रिसेप्शनला बसायची. आदल्याच वर्षी ती अमेरिकेची नागरिक झाली होती, तीही धाकट्या भावाला स्पॉन्सर करून इकडे आणता यावं म्हणून. नागरिक झालं की कोर्टाचं पत्रही येऊ शकतं, हे शपथ घेताना तिच्या मनात आलं नव्हतं. नाव पुकारल्यावर ती कठड्यात चढली, तिचा पाय माझ्या पायाला लागला, आणि तिने वाकून मला हात लावून तो कपाळाला टेकवला. शेजारच्या आठ नंबरवरचा माणूस बघतच राहिला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. हा मान माझा होता.

प्रश्नोत्तरांच्या मधल्या सुट्टीत तिचा नवरा चंद्रशेखर मागच्या बाकावरून कठड्यापाशी आला. हा इंजिनीयर, स्वभावाने गरीब, आणि सरकारी पाकीट बघितलं की घाम फुटणारा. मराठी मंडळातल्या सगळ्यांनी सुटकेच्या युक्त्या सुचवल्या होत्या, त्या तो पाठ करून आला होता. डॉक्टर असलेले कुमारकाका पाठदुखीची चिठ्ठी द्यायला तयार होते. कांचनताईंचं म्हणणं होतं, आम्ही शाकाहारी, आम्हांला कुणाला शिक्षा देणं जमत नाही असं सांगावं. स्वतः चंद्रशेखरची युक्ती सगळ्यांत सोपी होती.

"इंग्लिश नीट येत नाही म्हण. लगेच एक्स्क्यूज करतील. शनिवारी घरी वीस माणसं जेवायला आहेत, कॅन्सल करायचं का सगळं?"

"कर की," सुलेखा म्हणाली. "आणि इंग्लिश येत नाही असं मी का म्हणू? विनीताचे सगळे फॉर्म कोण भरतं?"

विनीता म्हणजे त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली. तिने म्हणे सकाळी आईला "गो फॉर इट, आई" एवढंच सांगितलं होतं.

सुट्टी संपली. इंग्रजी समजायला काही अडचण आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. माणूस वयस्क, आवाज हळू, पण ऐकणाऱ्याला ताठ बसवणारा. सुलेखा ताठ बसली. "उच्चार माझे आहेत," ती म्हणाली. "समजतं मला सगळं." तिची निवड झाली. चंद्रशेखरने कपाळाला हात लावला, पण त्यात नमस्कार नव्हता.

मग न्यायाधीशांनी ताकीद दिली. खटल्याबद्दल घरी बोलायचं नाही, नवऱ्याशी नाही, मैत्रिणीशी नाही. त्याबद्दल पेपरात आलं तर वाचायचं नाही. आणि आरोपी, साक्षीदार, वकील, त्यांची माणसं, यांच्याशी कुठलाही संबंध ठेवायचा नाही, हवापाण्याच्या गप्पासुद्धा नाहीत.

खटला एका सफरचंदाच्या बागवाल्यावर होता. फवारणीची तपासणी करायला आलेल्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याला त्याने घराच्या पायऱ्यांवरून ढकललं आणि त्याचं मनगट मोडलं, असा आरोप. बागवाला म्हणत होता, ढकललं नाही, तो खाली पडलेल्या सफरचंदांवरून घसरला. शेजारीण साक्षीला आली. तिने ढकलताना पाहिलं नव्हतं, पण झटापटीचा आवाज ऐकून ती बाहेर आली होती आणि पायऱ्या स्वच्छ होत्या, असं तिचं म्हणणं. सुलेखा माझे हात धरून पुढे वाकून ऐकत होती. आठ नंबर डुलक्या घेत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मला चमत्कारिक दृश्य दिसलं. कठड्यात बारांच्या जागी एकटी सुलेखा आली. बाकीच्यांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. तिचा चेहरा उतरला होता. पहिल्या राखीव बाईंना बाहेर तयार राहायला सांगितलंय, हे कारकुनाच्या बोलण्यावरून मला कळलं. म्हणजे माझ्यावरचं माणूस बदलणार होतं.

काय घडलं ते सुलेखाच्याच तोंडून कळलं. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगते. बाकीचे ज्यूरर समोरच्या दुकानात सँडविच खायला गेले. सुलेखाने डबा आणला होता, म्हणून ती बाहेरच्या बाकावर बसली. समोर आरोपीची बायको होती, सकाळपासून रडून डोळे सुजलेले. तिने काही खाल्लेलं दिसत नव्हतं. सुलेखाने डबा उघडला आणि तिच्या घशाखाली घास उतरेना. ती उठली, अर्धं थालीपीठ झाकणात ठेवून त्या बाईच्या मांडीवर ठेवलं, आणि परत येऊन जेवली. दोघींत एक शब्द झाला नाही. कोर्टाच्या अधिकाऱ्याने मात्र ते पाहिलं.

सरकारी वकील उभे राहिले. हे गृहस्थ हुशार. रागावले नाहीत, उलट फार सौजन्याने बोलले. बाई परदेशातून आलेल्या आहेत, कदाचित सूचनेतलं इंग्रजी त्यांना पूर्ण समजलं नसेल. कोणताही ठपका न ठेवता त्यांना मोकळं करावं.

बघा मित्रांनो, किती सुबक दार उघडलं होतं. मान हलवायची आणि घरी जायचं. शनिवारची वीस माणसंसुद्धा जेवली असती. आजवर या दारातून गेलेल्यांचा हिशेब मी ठेवला असता, तर माझ्या पाठीवर खोदायला जागा उरली नसती.

सुलेखाने मान हलवली नाही.

"सर, मला सूचना समजली होती," ती न्यायाधीशांना म्हणाली. "चूक केली ती समजून केली. ठपका ठेवायचा तर ठेवा. पण इंग्रजी समजलं नाही असं लिहू नका."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. ती बाई कोण आहे हे ठाऊक होतं का?

"होतं."

मग का दिलं?

"आमच्याकडे उपाशी माणसासमोर डबा उघडून एकट्याने खात नाहीत. समोर हे वकीलसाहेब उपाशी बसले असते, तर यांनाही दिलं असतं."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. वकीलसाहेबांनी कागद नीट केले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी फार हळू विचारलं, की त्या बाईची दया आल्यावर तिच्या नवऱ्याविरुद्ध मत देता येईल का.

सुलेखाची बोटं माझ्या हातांवर आवळली. ती लगेच बोलली नाही, आणि मला ते आवडलं. लगेच बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत.

"पुरावा तसा असेल तर देईन," ती म्हणाली. "पुरावा नसेल तर तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तरी देणार नाही. मी तिला जेवायला दिलं. मत दिलेलं नाही."

हे उत्तर बचावाच्या वकिलाच्याही सोयीचं नव्हतं. न्यायाधीशांनी सुलेखाला चांगलंच झापलं. नियम असा दयेपुढे वाकवता येत नाही. ज्यूररच्या हातून पोचलेला घाससुद्धा खटला मोडू शकतो. इथून पुढे तिने जेवायचं ते आतल्या खोलीत, दार लावून. मग ते वकिलांकडे वळले आणि म्हणाले, सात नंबरचा ज्यूरर जागेवरच राहील. राखीव बाई राखीवच राहिल्या. माझ्या बोल्टांना काय वाटलं ते मी सांगत नाही, उगाच बढाई होईल.

शेवटची भाषणं झाली. न्यायाधीशांनी कायदा समजावला. रास्त शंका उरली तर दोषी म्हणायचं नाही. मग बाराजण आत गेले आणि दार बंद झालं. आत काय चर्चा झाली हे मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. तेवढी मी कोर्टाची आहे. एकदा, एकमत होत नाही अशी चिठ्ठी देऊन, ते बाहेर आले. आठ नंबरचा चेहरा लाल होता आणि तो सुलेखाकडे बघत नव्हता. न्यायाधीशांनी सांगितलं, पुन्हा प्रयत्न करा. मग पुढच्या दिवशी दुपारी ते आले ते सगळे सारखेच दमलेले.

निकाल लागला. दोषी.

बागवाल्याच्या वकिलाने मागणी केली, की प्रत्येकाला वेगळं विचारावं. कारकून एकेकाचा नंबर घेऊन विचारू लागला, हा निकाल तुमचा आहे का. बागवाल्याची बायको समोरच्या बाकावर होती. आधीच्या सहाजणांनी खाली बघून, छताकडे बघून, हळू आवाजात हो म्हटलं होतं.

"ज्यूरर नंबर सात, हा निकाल तुमचा आहे का?"

सुलेखाने तिच्याकडे बघितलं. नजर काढून घेतली नाही. "हो. माझा आहे."

बाईने डोळे मिटले.

कोर्ट रिकामं होऊ लागलं. चंद्रशेखर न्यायला आला होता. आता बोलायला बंदी नव्हती, म्हणून तिने कठड्यापाशीच त्याला थोडक्यात सांगितलं, थालीपिठाचं आणि निकालाचं. तो गोंधळला.

"अगं, नवऱ्याला दोषीच ठरवायचं होतं, तर बायकोला जेवायला कशाला दिलंस?"

"ठरवायचं नव्हतंच काही," सुलेखा म्हणाली. "तिला भूक लागली होती."

एवढं म्हणून ती उठली. नवऱ्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि नेहमीप्रमाणे पुढे न जाता तिच्या मागून चालू लागला.

दोन वर्षांनी कोर्टाचं नूतनीकरण झालं. फोमच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या. माझे बोल्ट काढायला आलेल्या माणसाला घाम फुटला, एक बोल्ट शेवटी कापावा लागला. आता मी तळघरात आहे. अंगावर धूळ आहे, एका हाताचं लाकूड उकललंय. मला पुसा, तेलपाणी करा, असं मी सांगणार नाही. जमलं तर करा, ओक आहे, अजून टिकेन.

पण मित्रांनो, काळजी घ्यायची ती त्या जागेची घ्या. इथले नागरिक असाल, तर एक दिवस तुमच्याही घरी कोर्टाचं ते पाकीट येईल. तुमचे शहाणे काका आणि मावशा सुटायच्या युक्त्या घेऊन येतील, आणि कुणीतरी अगदी गोड आवाजात सांगेल, की तुम्हांला यातलं काही कळत नाही, उगीच कशाला त्रास घेता. त्यांना चहा पाजा. मग जा आणि बसा. आणि कुणी उठवायला आलं, तर उठायच्या आधी त्याला कारण विचारा.