बोटभर सैल

गाठ तीच होती... दोन वेढे, एक उलटा फेर आणि टोक आत खुपसलेलं. घेवड्याचा वेल काठीला धरून ठेवणारी सुतळीची एवढीशी गाठ — पण टपालखात्यात चौतीस वर्षं पार्सलं बांधलेल्या माणसाला ती लांबूनही ओळखू आली. त्यानंच शिकवली होती बायकोला, लग्नाच्या पहिल्या वर्षी. फक्त ही सैल होती, चांगलं बोट जाईल एवढी. शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं म्हणायचं, असं मनात आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला — तिला जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि आपण तिच्या गाठीत खोट काढतोय.

खिशात फाटकाची किल्ली होती. चार इमारतींच्या मधली ही मोकळी जागा, चोवीस वाफे, ज्याचा त्याचा वाफा. आणि दोन महिने हात लागला नाही तर तो पुढच्या माणसाला द्यायचा, असा इथला नियम. उद्या दोन महिने भरत होते. म्हणून आजच, बागेच्या सेक्रेटरीबाई आल्या की, किल्ली देऊन मोकळं व्हायचं... ‘एकदा येऊन तर बघा,’ ती दर रविवारी म्हणायची, आणि तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता ‘पुढच्या रविवारी’ म्हणायचा. आला तो आज, ती नसताना.

नजर गाठीगाठीनं वर चढली. गुडघ्याशी, कमरेशी, छातीशी — आणि तिथं तो थबकला. ती शेवटची इथं आली तेव्हा वेल गुडघ्याएवढाच होता; घरी येऊन तिनं हातानं उंची दाखवली होती. मग ह्या वरच्या...?

“ती माझी,” त्याची नजर बघून शेजारच्या वाफ्यातून आवाज आला. ड्यूटीवर जाण्याआधी, गणवेशातच पाणी घालणारी एक बस कंडक्टर. “तिच्या वरची पलीकडच्या वाफ्यातल्या डॉक्टरांची. त्यांची दर आठवड्याला सुटते! वाफा पडीक दिसायला नको, म्हणून आळीपाळीनं बांधतो आम्ही. तुम्ही काका ना? काकूंनी ओरडून ओरडून शिकवलीय सगळ्यांना. म्हणायच्या, ही आमच्या ह्यांची गाठ, दुसरीकडे कुठं बघायला मिळायची नाही.”

त्यानं खालच्या गाठीकडे बोट केलं. “पण... सैल का?”

“बोटभर सोडायचीच. काकू म्हणायच्या, ह्यांच्या पार्सलाला वाढायचं नसतं, वेलाला असतं.”

तो हसला. म्हणजे न आलेल्या त्या सगळ्या रविवारी इथं आपली चेष्टा चालायची, आपलं कौतुक व्हायचं... घरातल्या रिकाम्या खुर्चीसमोरही तिची अशी आठवण आली नव्हती.

फाटक वाजलं. “किल्ली आणलीत?” सेक्रेटरीबाईंनी हलकेच विचारलं.

किल्ली खिशात होती, हातही खिशात होता. पण वर, डोक्याच्या उंचीवर, वेलाचा शेंडा काठी सोडून हवेत लोंबत होता.

“जरा सुतळी देता?” तो कंडक्टरला म्हणाला.

दोन वेढे, उलटा फेर, टोक आत — आणि बोटांनी जन्माच्या सवयीनं गाठ गच्च आवळली. त्यानं ती सोडली. पुन्हा बांधली. किती सैल म्हणजे सैल, हे हातांना काही केल्या कळेना... मग आपलंच बोट मध्ये घालून, तो तसाच उभा राहिला.