रानातलं बेकायदा खोपटं

सत्तरी गाठली तरी एल्वूड पीझलीचा ताठा तसूभर कमी झाला नव्हता. नाहीतर माफीचा एक शब्द टाकायचा सोडून न्यू हॅम्पशायरच्या थंडीत कोण शहाणा मासेमारीच्या खोपटात जाऊन राहतो?

झालं होतं इतकंच. गळाला लावायच्या अळ्या त्याने चीजच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवल्या, आणि चहाला आलेल्या पाद्रीसाहेबांच्या बायकोने त्या बिस्किटावर घेतल्या. बाई किंचाळल्या. एल्वूड म्हणाला, "ताज्या आहेत." त्याच संध्याकाळी हेस्टरने नवऱ्याला घराबाहेर काढलं.

बर्फाला भोक पाडून मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर थाटलेली खोपटी बर्फ वितळायच्या आत सगळेच काठावर ओढून आणतात. एल्वूडने आपलं ट्रॅक्टरला बांधून थेट स्वतःच्या रानात नेलं आणि तिथेच पथारी पसरली. अक्कल गहाण टाकावी ती किती! रान जसंच्या तसं राखतो म्हणून तर त्याला करात घसघशीत सूट होती. तिथे घर उभं राहिलं की सूट गेली, आणि सूट गेली की कर न झेपून रान बिल्डरच्या घशात. आजोबांनी जपलेले मेपलवृक्ष तुटू द्यायला तो मेला तरी तयार नव्हता. पण बर्फावर ज्याला कुणी कधी घर म्हटलं नाही, ते जमिनीवर आणलं की घर होईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

तक्रार आली म्हणून गावचा करनिरीक्षक मर्टन, त्याचा शाळेपासूनचा सोबती, चिखल तुडवत आला.

"हे काय रे, एल्वूड?"

"मासेमारीचं सामान."

"सामानाला पडदे असतात?"

"माशांना ऊन लागतं."

"आणि दोरीवर मोजे कुणाचे?"

"वाऱ्याने आले असतील."

"अंडीपण वाऱ्यानेच तव्यात पडली वाटतं." मर्टनने सुस्कारा सोडला. "हे बघ बाबा, खोपटं नुसतं ठेवलंस तर सामान. माणूस राहिला की घर. उद्या परत येतो. तू इथे दिसलास तर सूट गेली. मैत्री मैत्रीच्या जागी."

एल्वूड अंथरूण गुंडाळून मुकाट स्वतःच्या दारात उभा राहिला.

"करासाठी आलोय हं," त्याने आधीच सांगून टाकलं. "नाहीतर मजेत होतो."

"मग जा मजेत." हेस्टर दार लावू लागली.

त्याच्या डोळ्यांपुढे मेपल आले. "चुकलं," तो पुटपुटला.

"कुणाला सांगतोयस, बुटांना?"

"चुकलं माझं, हेस्टर. अळ्या ठेवायला नको होत्या. आणि ताज्या आहेत असं तर मुळीच म्हणायला नको होतं."

हेस्टरने कसंबसं हसू दाबलं. "ये आत. सूप गरम आहे."

टेबलाशी बसल्यावर एल्वूडला पुन्हा कंठ फुटला. "तक्रार कुणी केली ते कळू दे फक्त, चांगली खरडपट्टी काढतो त्याची."

"काढ की," वाडगा पुढे सारत ती म्हणाली. "मीच केली."

"अगं, रान गेलं असतं आपलं!"

"गेलं असतं तर गेलं असतं. इथे मी रोज समोरची रिकामी खुर्ची बघत जेवत होते. त्याची तक्रार कुठे करायची होती रे मी?"

 एल्वूडने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि तो जेवायला लागला.